कोमट

अनेर ओलांडली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं.
पौषातली थंडी, जीपच्या काचेला आतून घाम,
मी आणि वेणू एकाच शालीत.
शिरपूरच्या अलीकडे, बंद जिनिंगच्या भिंतीमागे
तो उभा होता, लाल,
हळद धुतलेल्या नवरदेवासारखा चकचकीत.

मी बॉनेटवर हात ठेवला. कोमट.
बरं वाटलं.
जनावर जिवंत असलं की अंगाला ऊब असते,
एवढंच मला कळत होतं.

दंगलआप्पा म्हणाला,
"एक हाती वापरेल शे, भाऊ. मना पोऱ्यामायक."
पोऱ्या बाजूलाच उभा होता, बाहीनं नाक पुसत.
त्याला कोणी फारसं जपलेलं दिसत नव्हतं.

माझे वडील सावद्याच्या बाजारात
बैलाचा जबडा उघडून, जीभ बाजूला धरून सांगायचे,
दोनदाती, चारदाती, जुळलेला,
आणि मग रुमालाखाली बोटं दाबत भाव.
मीही बॉनेट उघडलं, आत डोकावलो.
वायरी, नळ्या, तेलकट अंधार.
"हं," म्हणालो.
इतका महाग हुंकार आमच्या घरात
आजवर कोणी भरला नव्हता.

मीटरवर अठराशे तास.
वेणू खाली वाकली होती. म्हणाली,
"क्लचचं रबर पाह्यलं का? पार गुळगुळीत झालं.
चप्पल नवी हाये, पन टाच भेगाळली."
दंगलआप्पा हसला. मीही हसलो.
बाईच्या बोलण्यावर दोन पुरुष एकदम हसले
की सौदा जमल्यातच जमा.

होळीपर्यंत चालला.
मग चौथा गिअर ओरडू लागला, जात्यात खडा आल्यासारखा.
निळा धूर केळीच्या पानांवर बसू लागला.
नांगर उचलून धरला की लिफ्ट हळूहळू खाली यायची,
कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या मानेसारखी.

जुम्मा तडवी मिस्तरीनं गिअरबॉक्स खोलला.
बराच वेळ बोलला नाही.
मग दोन बोटं आत घालून
काळं, चिकट, दोरेदार काहीतरी काढलं, हुंगलं,
माझ्या तळहातावर ठेवलं.
"भो, केळं हाये."

लाकडाचा भुसा आणि पिकलेली केळी.
गिअरचे दात झिजले की घालतात म्हणे,
आवाज दबतो.
तीस वर्षं मी रावेरात ट्रक भरतोय,
घड मोजतोय, दिल्लीकडे रवाना करतोय.
त्यातलं एखादं असं घरी परत येईल
हे कुठल्याच वहीत धरलं नव्हतं.

"आन तुम्ही गेले तव्हा इंजिन थंड होतं का गरम?"
"कोमट," मी म्हणालो.
जुम्मा हात पुसत राहिला, फडकं काळं होईस्तोवर.
"म्हंजे तुमच्या आधी त्यानं उठवलं होतं.
थंडीत हे आपसूक उठतच नाही.
पाहुने यायच्या आधी आजाऱ्याले बसवतात ना
उशी लावून, तसं."

जमेल तेवढं दुरुस्त केलं. जे जमलं नाही
त्याची सवय केली.

आता पुन्हा पौष.
किनगावचा एक पोरगा सात वाजता बघायला येतोय.
फोनवर आवाज कोवळा होता.
तेल नाही विचारलं, रिंगा नाही, पाटा नाही.
"रंग चांगला आहे ना?" एवढंच.

मी पाचला उठलोय. चावी खिशात.
आतून वेणू म्हणते, "कायले उठले एवढ्या लवकर?"
"काही नाही. थंडी पाहतोय."

बॉनेटवर दव. हात ठेवला.
विहिरीतल्या दगडासारखं गार.
तसाच उभा राहिलो.
फाट्यावरून पहिली एसटी गेली,
कोणाचा तरी पंप सुरू झाला, बंद पडला.
हात काढला तेव्हा
तळहाताएवढीच जागा
कोमट झाली होती.